श्वानास मानवी औषध : हितबुद्धीने होणारा अपाय

नांदेड-लातूर भागात शेतावरचा राखणीचा कुत्रा किंवा जानवळ परिसरातील कारवानी श्वान आजारी पडला, की मालक पुष्कळदा प्रथम जवळच्या औषधालयात येतो व 'तापाची एखादी गोळी द्या' म्हणतो. ही मागणी मायेपोटी असते. तथापि ती पुरविणे धोक्याचे आहे.

प्राचीनांनी अश्वांसाठी शालिहोत्राची, तर गजांसाठी पालकाप्याची स्वतंत्र परंपरा निर्माण केली. प्राणिभेदाने चिकित्सा बदलते, हेच त्यामागील तत्त्व होय. श्वान म्हणजे लहान आकाराचा मनुष्य नव्हे.

१) वेदनाशामके : नॅप्रोक्सेनचे अर्धायुष्य मनुष्यात १२ ते १७ तास, तर श्वानात सुमारे ७४ तास असते. पित्तावाटे आतड्यात उतरलेले औषध पुन्हा शोषले जाते व साचत राहते. आयबुप्रोफेनही श्वानास घातक आहे. आमाशयात व्रण, रक्ताची उलटी, काळा मल आणि पुढे वृक्कनाश हे त्यांचे परिणाम होत.

२) पॅरासिटामॉल : पशुवैद्य हे औषध किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. इतक्या मोजक्या मात्रेत योजतात. ५ किलो वजनाच्या पिलास ६५० मि.ग्रॅ.ची एक गोळी दिल्यास मात्रा किलोमागे १३० मि.ग्रॅ. होते. किलोमागे १०० मि.ग्रॅ.च्या आसपास यकृतास इजा संभवते. मांजरास तर अल्प मात्राही प्राणघातक ठरते.

३) आयसोनियाझिड : क्षयरुग्णांच्या घरी हे औषध असतेच. मनुष्याचे यकृत ज्या विकराच्या साहाय्याने ते निष्प्रभ करते, ते श्वानात नसते. लहान कुत्र्याने ३०० मि.ग्रॅ.ची एक गोळी गिळली, तरी आक्षेप येऊन मृत्यू ओढवू शकतो. पायरिडॉक्सिन हा त्यावरील उतारा होय. तो पशुवैद्यानेच द्यावा.

४) मलमे व पातळ औषधे : सोरायसिसवरील कॅल्सिपोट्रिऑल मलम चाटल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून वृक्क निकामी होतात. काही साखरविरहित औषधांतील झायलिटॉलमुळे श्वानाची रक्तशर्करा झपाट्याने उतरते.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुचिकित्सा हे नोंदणीकृत पशुवैद्याचे क्षेत्र आहे. म्हणून गोळी कोणासाठी हवी, हे विक्रेत्याने आधी विचारावे. कुत्र्यासाठी असल्यास न देता पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट दाखवावी. औषध पोटात गेलेच असेल, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. औषधाचे वेष्टन, गोळ्यांची संख्या, घेतल्याची वेळ व प्राण्याचे वजन यांची माहिती घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे पाठवावे. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये. यकृत व वृक्क यांची हानी पुष्कळदा उशिराच प्रकट होते.