शंभर रुपयांची झोपडी

गिऱ्हाईक साध्या राहणीचं असलं की काम सोपं, असं घर बांधणाऱ्या ठेकेदारापासून सॉफ्टवेअरवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटतं. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर गांधीजींचा सेवाग्राम आश्रम आहे. तिथे जाऊन आलं की हा समज टिकत नाही.

मार्च 1936 मध्ये गांधीजींनी जमनालाल बजाज यांना सेगावात राहण्याच्या अटीच लिहून दिल्या. (सेगावचं सेवाग्राम हे नाव 1940 चं.) बांची, म्हणजे कस्तुरबांची, इच्छा असेल तर त्यांच्यासह, नाहीतर एकट्याने राहायचं. झोपडीवर शक्य तितका कमी खर्च, शंभर रुपयांच्या वर तर नाहीच. मदत लागली तर ती गावातूनच. मागणं थोडं, पण बांधणाऱ्याला हात हलवायला जागा नाही! माती, बांबू, कवेलू आणि गावचे कारागीर, एवढ्यातच सगळं बसवायचं.

अटी एकदा लिहून घेतल्या की पुढे कटकट नाही, हा दुसरा गैरसमज. एकट्या-दुकट्याचा विचार करून मांडलेला हा बेत प्रत्यक्षात आदि निवास, म्हणजे आश्रमातलं पहिलं घर, झाला. तिथे बापू, बा, प्यारेलाल, तुकडोजी महाराज, खान अब्दुल गफार खान आणि येणारेजाणारे पाहुणे एकाच छपराखाली राहिले. खर्चाचा आकडा आज 499 रुपये सांगितला जातो. यात कोणाची लबाडी नव्हती. कागदावरची अट त्या दिवसापुरती असते; माणसं वाढली की पुन्हा समोरासमोर बसावं लागतं. जास्तीच्या कामाचा आकडा हात लावण्याआधी सांगितला तर गिऱ्हाईक घासाघीस करतं, बिलात दिसला तर भांडतं. मला तरी घासाघीस परवडते.

बापू कुटी बापूंसाठी बांधली, असं बहुतेक पर्यटक धरून चालतात. मुळात ती त्यांच्या शिष्या मीराबहेन यांची झोपडी. भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा त्यांच्याच हातचे. गांधीजी तिथे राहायला आले आणि कुटीत भर घालावी लागली. पुढे तर व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आश्रमात टेलिफोन बसवला. खेड्यात जाऊन राहू पाहणाऱ्याच्या मूळ यादीत तो खचितच नव्हता.

तेव्हा पुढचं काम हाती घेताना खर्चाआधी एवढं विचाराच: वर्षभराने हे कोण वापरणार आहे? मिळालेलं उत्तर इस्टिमेटच्याच कागदावर लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या.