शुक्रवारचं भाडं

सकाळी साडेसहा
तुंगार्लीच्या एका बंगलेमालकांचा फोन. "दादा, पाऊस लागलाय, शनिवारचं भाडं वाढवलंय. ॲपवर दिसतंय का बघा जरा." जुलैतल्या शुक्रवारी लोणावळ्यातली भाडी पावसामागे धावतात. आकडा मालक स्वतःच बदलतात. त्या एका आकड्यावरून काढून सर्व्हरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवलेल्या कुठल्या कुठल्या किमती त्याक्षणी खोट्या ठरल्या, हे सांभाळणं माझं काम.

सव्वाआठ
वडगावहून लोणावळ्याची लोकल. सगळा मावळ पुण्याकडे निघालेला असताना आपली नोकरी उलट्या दिशेला असणं, ही चैनच. कान्हे, कामशेत, मळवली. आवणी जोरात आहे. बसायला जागा मिळते.

साडेनऊ
भांगरवाडीतली कचेरी. चहा होतो आणि फळ्यावर चार चौकोन निघतात: खोलीचं भाडं, त्यावरून जीएसटीचा टप्पा, त्यावरून कर, शेवटी एकूण रक्कम. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के कर आहे (आधी १२ होता), त्यापुढच्या खोलीला १८. समजा, मालकांनी ७,२०० चे ८,४०० केले. खरी एकूण ९,९१२. पण मोजताना भाडं नवं आणि टप्पा जुना उचलला गेला, तर गिऱ्हाईकाला दिसतात ८,८२०. नुसती शिळी किंमत असती तर एकवेळ समजूत घालता आली असती, की काल हीच होती. ही किंमत मात्र कालची नाही, आजचीही नाही. ती कोणी कधी ठरवलेलीच नव्हती.

भाडं एकूण रकमेपर्यंत दोन वाटांनी पोहोचतं, एक थेट आणि एक टप्प्यावरून. लांबची वाट पुरी होण्याआधी बेरीज केली की घोटाळा झालाच. हे दुखणं जुनं आहे. १९७९ चं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आडव्या किंवा उभ्या ओळींच्या क्रमाने मोजत जायचं, त्यामुळे पुढच्या घरावर अवलंबून असलेला आकडा चुकायचा आणि पुन्हा मोजायला लावावं लागायचं. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये कोण कोणावर अवलंबून आहे ते बघून क्रम ठरू लागला. एक्सेल वापरणाऱ्याला आज याची आठवणही होत नाही. सर्व्हरवर आपण तो प्रश्न हौसेने परत ओढवून घेतो.

साडेअकरा
नुकताच रुजू झालेला सहकारी म्हणतो, "पाच मिनिटांची मुदत टाकूया ना. आपोआप पुसलं जाईल." ॲपवर दिसणाऱ्या पावसाच्या आकड्याला हे चालतं, तो अर्धा तास शिळा असला तरी कोणाचं बिघडत नाही, आणि तिथे मी मुदतच ठेवतो. पण भाडं, टप्पा, कर आणि एकूण यांच्या मुदती वेगवेगळ्या क्षणी संपणार, म्हणजे ८,८२० ला आपणच आवतण दिलं. अशी मुदत म्हणजे नाती लिहून ठेवायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

साडेबारा
ठेवलेली किंमत खोटी ठरण्याला आमच्याकडे सुतक म्हणतात. भाडं बदललं की त्याच्या सगळ्या भावकीला, अगदी चुलत-चुलतपर्यंत, सुतक लागतं. मोजणी मात्र लगेच होत नाही. कोणी एकूण रक्कम मागितली की ती कराला विचारते, कर टप्प्याला, टप्पा भाड्याला, आणि सगळं मुळापासून शुद्ध होत वर येतं. कोणी बघतच नाही अशा खोल्यांवर घाम गाळायचा नाही. आणखी एक सोय आहे. ८,४०० चे ८,९०० झाले तरी टप्पा १८ चाच निघतो. मग फक्त टप्प्यावर विसंबलेल्यांचं सुतक काहीही न मोजता फिटतं.

ही भावकी हाताने लिहायची नाही, यावर मी हटून बसतो. स्टुअर्ट फेल्डमननी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये प्रोग्राम बांधणारं 'मेक' लिहिलं, त्यात कोणती फाइल कोणावर अवलंबून हे माणसाने लिहायचं असतं. म्हणूनच शंका आली की लोक आजही सगळं पुसून पहिल्यापासून बांधायला घेतात. आमचा प्रोग्राम मोजताना काय काय वाचलं ते स्वतःच टिपतो, आणि दर मोजणीला नव्याने टिपतो. जोडून सुट्टी आली तरच सुट्टीचा दर वाचला जातो, एरवी नाही. एकदा केलेली यादी कायमची कशी धरणार?

दीड
डबा.

तीन
एका सर्व्हरने जुनं भाडं वाचलं आणि मोजायला बसला. तेवढ्यात भाडं बदललं, सुतकही लागून गेलं. त्यानंतर हा आपली जुनी एकूण आणून ताजी म्हणून ठेवतो. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ च्या मेमकॅशवरच्या निबंधात हेच दुखणं मांडलंय. त्यांनी ठेवणाऱ्याला आधी परवाना घ्यायला लावला आणि मधे किंमत पुसली गेली की तो रद्द. आम्ही भाड्याला आवृत्तीचा क्रमांक देतो. ठेवताना क्रमांक मागे पडला असेल, तर ती रक्कम दारातूनच परत.

साडेपाच
हिशेबनीस बाई येतात. गेल्या आठवड्यातली भरलेली बिलं नव्या भाड्याने बदलणार तर नाहीत ना? नाहीत. भरलेलं बिल हा झालेला व्यवहार. तो वेगळ्या तक्त्यात असतो, त्याला सुतक लागत नाही. मग त्या खरा पेच टाकतात. गिऱ्हाईकाने जुन्या भाड्याचे ७,५६० पाहिले, कार्ड शोधलं, आणि पैसे भरेपर्यंत रक्कम ९,९१२ झाली, तर घ्यायचे किती? दाखवलेली किंमत दहा मिनिटं पाळावी असं मला वाटतं. पण तेवढा तोटा मालकांनी सोसायचा की आम्ही, हे कोडात ठरण्यासारखं नाही. सोमवारी मालकांना विचारू.