बिनआवाजाचा धडाका

विश्वाला कधीतरी सुरुवात झाली, हेच खगोलज्ञ फ्रेड हॉइल यांना मान्य नव्हतं. विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य निर्माण होत राहिल्यामुळे त्याचं रूप बदलत नाही, असा स्थिरस्थिती सिद्धान्त त्यांनी, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडला होता. पुढच्या वर्षी, २८ मार्चला, बीबीसीच्या रेडिओवर विरोधी पक्षाची कल्पना समजावताना हॉइल म्हणाले, ‘बिग बँग’. ती टिंगल होती असं अनेकांनी लिहिलं आहे. हॉइल मात्र सांगत, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहावं म्हणून ठसठशीत शब्द वापरला. मला त्यांचं म्हणणं पटतं. रेडिओवर फळा-खडू नसतो.

बँग म्हणजे धाडकन झालेला आवाज. दार आपटलं, बंदूक उडाली, की हा शब्द येतो. आपला ‘बार’ बंदुकीतून निघून थेट लग्नमंडपात पोचला. बँग त्याहून लांब भटकला आणि गंमत म्हणजे बहुतेक मुक्काम निःशब्द निघाले. अमेरिकेत कपाळावर सरळ कापलेल्या बटा म्हणजे बँग्ज. आपल्याकडे त्याच धाटणीला ‘साधना कट’ म्हणतात. ‘बँग ऑन’ म्हणजे अगदी बरोब्बर. छापखानेवाले आणि प्रोग्रॅमर उद्गारचिन्हालाच बँग म्हणतात. १९६२ मध्ये न्यू यॉर्कचे जाहिरातकार मार्टिन स्पेक्टर यांनी प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकमेकांवर चढवून ‘इंटरोबँग’ बनवलं. ते रुळलं नाही, याची हळहळ वाटते. आपल्या निवडणूक-बातम्यांना फार शोभलं असतं.

लंडनच्या शेअर बाजारात २७ ऑक्टोबर १९८६ ला ‘बिग बँग’ झाला तो तर आवाज बंद करणाराच. ठरावीक दलाली रद्द झाली, सौदे संगणकाच्या पडद्यावर गेले आणि गजबजलेली दालनं ओस पडली. मुंबईच्या बाजारातली आरोळ्यांची पद्धत १९९५ मध्ये संपली.

विश्वाच्या बाबतीत हे नाव दिशाभूलही करतं. मोकळ्या जागेत कुठेतरी बॉम्ब फुटला असं काही घडलं नव्हतं. जागाच ताणली जाऊ लागली, तिला केंद्र नव्हतं. मराठीतला ‘महास्फोट’ हा गैरसमज आणखी घट्ट करतो. १९९३ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकानं नव्या नावासाठी स्पर्धा घेतली. ४१ देशांतून १३,०९९ नावं आली. कार्ल सेगन आणि इतर परीक्षकांना एकही पसंत पडलं नाही.

त्याआधीच, १९६५ मध्ये, रेडिओ खगोलज्ञ पेंझियस आणि विल्सन यांच्या अँटेनातली न हटणारी खरखर जाहीर झाली होती. त्यांनी कबुतरांची विष्ठासुद्धा खरवडून पाहिली होती. खरखर होती आरंभीच्या तप्त विश्वाच्या उरलेल्या प्रारणाची. बहुतेक खगोलज्ञ हॉइल यांच्या विरोधी बाजूला गेले. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि पुण्यात ‘आयुका’ उभारणारे नारळीकर यांनी स्थिरस्थितीची सुधारित आवृत्ती मांडली. ती फारशी स्वीकारली गेली नाही.

आणि तरीही सुरुवातीला आवाज होता. पहिली सुमारे ३,८०,००० वर्षं विश्व दाट, तप्त प्लाझ्मानं भरलेलं होतं आणि त्यातून दाबाच्या लाटा प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं धावत होत्या. दाबाची लाट म्हणजेच ध्वनी. कानाला कधीच कळला नसता इतका खर्जातला. अणू तयार झाले, प्रकाश सुटा झाला आणि लाटा जागीच थिजल्या. त्यांचा ठसा २००५ मध्ये दीर्घिकांच्या नकाशांत सापडला: सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या अपेक्षेपेक्षा किंचित जास्त आढळतात. हेच अंतर मोजपट्टी म्हणून वापरून विश्वाचं प्रसरण आता मोजलं जातं.