पळसाचें लांकूड

लांकडाची गोष्ट निघाली कीं घरोघरीं प्रथम सागाचें नांव निघतें, मागाहून बाभळीचें. पळसास त्या पंक्तींत कोणी घेत नाहीं. पत्रावळी लावावयाच्या झाल्या म्हणजे त्याच्या पानांची आठवण होते, मुंजींत बटूच्या दंडाची आणि होमाच्या दिवशीं समिधांची; सुतार मात्र त्याच्याकडे पाहून नाक मुरडतो. आमच्या गांवाच्या नांवांतच पळस आहे, तेव्हां थोडा पक्षपात झाल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

सुताराचें म्हणणें खोटें नव्हे. हें लांकूड मऊ व हलकें असून उघड्यावर फार काळ टिकत नाहीं. (वनस्पतिशास्त्रांत 'मऊ लांकूड' हें नांव देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांस देतात, त्या हिशेबानें पळस कठीण वर्गांत पडतो! पण रंधा मारणाऱ्यास हें कोण पटविणार?) आमच्या तीर्थरूपांनीं एकदां काटकसरीपायीं माळ्यावर पळसाच्या फळ्या घातल्या. तिसऱ्या पावसाळ्यांत एक फळी मोडली आणि मातोश्रींची लोणच्याची बरणी खालीं आली. त्या बरणीचें स्मरण घरांत पुढें वीस वर्षें चाललें होतें.

परंतु पाण्याखालीं याच लांकडाचा गुण पालटतो. सदा पाण्यांत बुडालेल्या लांकडास हवा मिळत नाहीं, आणि हवेवांचून कुजविणाऱ्या बुरशीचें फारसें चालत नाहीं. म्हणून जुने लोक विहिरीच्या तळाशीं पळसाचें कडें घालीत. नदीकांठच्या भुसभुशीत जमिनींत हें वाटोळें कडें मांडावयाचें, त्यावर भिंत रचावयाची आणि आंतून माती उपसावयाची. माती निघेल तसतसें कडें वरच्या भारानें भिंतीसह खालीं उतरे. पाणी लागलें कीं तें कायमचें बुडालें.

जुन्या पळसदेवांत भीमेकांठच्या आमच्या विहिरीस असेंच कडें होतें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. जुनें गांव, पळसनाथाचें देऊळ, शेत, विहीर, सारें जलाशयांत गेलें. पाणी फार ओसरलेल्या उन्हाळ्यांत देऊळ उघडें पडतें. अशाच एका वर्षीं आम्ही नातवास घेऊन गेलों. विहीर गाळानें भरली होती; वरचे चार दगड तेवढे दिसले.

"आजोबा, तें कडें आतां कुजलें असेल ना?" त्यानें विचारलें.

आम्हीं वांकून गाळांत हात घातला. भर वैशाखांतही तो कोपरापर्यंत ओला होता.