शोधखिडकी एकाची, पुस्तकंही त्याचीच

१९३८ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथे मायक्रोफिल्म बनवणारी एक छोटी कंपनी सुरू झाली. तीच पुढे ‘प्रोक्वेस्ट’ झाली. ई-पुस्तकांच्या ‘ईब्ररी’ आणि ‘ईबीएल’, ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर करणारी ‘एक्स लिब्रिस’ अशा कंपन्या तिनं एकेक करून पोटात घातल्या. डिसेंबर २०२१मध्ये तिलाच ‘क्लॅरिव्हेट’ या कंपनीनं ५.३ अब्ज डॉलरना विकत घेतलं. शोधनिबंधांची सूची ‘वेब ऑफ सायन्स’ तर आधीपासून क्लॅरिव्हेटकडेच. म्हणजे विद्यार्थी ज्या खिडकीत शब्द टाकून शोधतो ती खिडकी आणि तिच्यातून उघडणारं ई-पुस्तक, दोन्ही एकाच दुकानातलं. दुकान बदलायचं तर अख्खी ग्रंथसूची उचलून न्यावी लागते; मग घासाघीस कसली करणार?

फेब्रुवारी २०२५मध्ये क्लॅरिव्हेटनं जाहीर केलं, की ई-पुस्तकं यापुढे कायमची विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरा. ग्रंथपालांनी गदारोळ केल्यावर खरेदीची मुदत तेवढी ३० जून २०२६पर्यंत वाढली. (वर्गणी थकली म्हणून कपाटातल्या पुस्तकाला पाय फुटत नाहीत, हे जाता जाता.)

भारतातही वाट वर्गणीचीच: ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेमुळे ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालयं त्यात नाहीत.