एमएसचे निदान एका तपासणीत का होत नाही

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही बोलण्यातला ‘एमएस’, आहे की नाही हे ठामपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. मधुमेह साखरेच्या आकड्यावरून कळतो, थायरॉइडचा दोष टीएसएचवरून. एमएसला असा आकडा नाही. रुग्णाची हकिकत, न्यूरॉलॉजिस्टने हातोडी, टॉर्च घेऊन केलेली तपासणी, एमआरआय आणि गरज पडल्यास पाठीतले पाणी या सगळ्यांवरून हे निदान जुळवावे लागते. त्यातही पहिला मान हकिकतीचा, आणि घाईच्या ओपीडीत सगळ्यात कमी वेळ मिळतो तो नेमका तिलाच.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते. मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीच्या नसा यांतील तंतूंवर मायेलिन नावाचे आवरण असते. त्यावर ठिकठिकाणी सूज येते, आवरण झिजते आणि तिथून जाणारे संदेश मंदावतात किंवा थांबतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन केले. तो बहुधा विशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये किमान दुपटीने आढळतो. 2020 च्या अंदाजानुसार जगात सुमारे 28 लाख लोकांना तो आहे. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात त्याचे प्रमाण कमी. मात्र मुंबई-पुण्यातील पारशी समाजात ते इतरांपेक्षा जास्त असल्याचे न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया आणि इतरांच्या अभ्यासांत दिसून आले.

सूज कुठे आली यावर लक्षण ठरते, म्हणून दोन रुग्णांच्या तक्रारी सारख्या नसतात. एकीच्या एका डोळ्यापुढे दोन-तीन दिवसांत धुरकट पडदा येतो, डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग फिका दिसतो. दुसऱ्याच्या पायांत मुंग्या सुरू होऊन बधिरपणा कमरेपर्यंत चढतो. कुणाला एकाची दोन दिसतात, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवीची घाई होते. मान खाली वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखा झटका येणे हेही एक बोलके लक्षण आहे. ते आपणहून सांगायचे रुग्णाला सहसा सुचत नाही; विचारावे लागते.

खरा घोळ पुढे होतो. काही आठवड्यांत ही लक्षणे बहुधा आपोआप ओसरतात. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस देस्ते याच्या रोजनिशीत याचे फार स्पष्ट चित्र आहे. 1822 मध्ये स्कॉटलंडमध्ये एका आप्ताच्या अंत्यविधीनंतर त्याची नजर इतकी धूसर झाली की पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग डोळे उपचाराविना सुधारले. 1827 मध्ये फ्लॉरेन्सला त्याला दुहेरी दिसू लागले, तेही बरे झाले. पुढे मात्र पाय गेले. तो 1848 मध्ये वारला, शार्कोच्या वर्णनाच्या वीस वर्षे आधी. आजही चार वर्षांपूर्वीचा डोळ्याचा त्रास नेत्रतज्ज्ञाच्या फायलीत राहतो, पायाच्या मुंग्या हाडांच्या डॉक्टरकडे जातात आणि दोन्हींची गाठ कुणीच घालून पाहत नाही. तरुण बाईची तक्रार असेल तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर भागवण्याची सवयही अजून गेलेली नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. हातापायांना मुंग्या येणाऱ्या बहुसंख्य लोकांना एमएस नसतो. मधुमेह, मानेच्या मणक्यांचा त्रास, मनगटात दबलेली नस, चिंता ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते आणि ती मज्जारज्जूलाही इजा करते. म्हणून बी-12 ची पातळी गोळ्या-इंजेक्शने सुरू करण्याआधी मोजलेली बरी. काही सेकंद टिकणाऱ्या मुंग्या किंवा दिवसागणिक जागा बदलणारी बधिरता एमएसचा झटका धरली जात नाही. झटका म्हणायला लक्षण निदान 24 तास टिकावे लागते आणि त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग असता कामा नये. कारण ताप, लघवीचा संसर्ग, वैशाखातले ऊन यांनी जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. उष्णतेचा हा परिणाम इतका ठळक असतो की एमआरआय येण्यापूर्वी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का हे पाहिले जाई.

निदानाचा कणा दोन प्रश्नांचा आहे: मज्जासंस्थेत एकापेक्षा जास्त ठिकाणी इजा झाली आहे का, आणि ती वेगवेगळ्या वेळी झाली आहे का? न्यूझीलंडमध्ये जन्मलेले न्यूरॉलॉजिस्ट इयन मॅकडॉनल्ड यांच्या नावाचे निकष 2001 मध्ये आले आणि त्यांनी या दोन्ही उत्तरांसाठी एमआरआयला अधिकृत जागा दिली. कोणता डाग नवा आणि कोणता जुना हे गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन काढलेल्या चित्रावरून कळते, त्यामुळे दुसऱ्या झटक्याची वाट पाहणे पुष्कळांच्या बाबतीत टळले. 2017 च्या सुधारणेने पाठीतल्या पाण्यातील ऑलिगोक्लोनल बँड या प्रथिनांच्या पट्ट्यांना दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा मानले. 2024 च्या सुधारणेत दृष्टीच्या नसेचीही इजेच्या जागांमध्ये गणना झाली.

तरीही निकष लावायचे ते सहसा लक्षणे एमएसला साजेशी असतील तेव्हाच. ‘पांढऱ्या भागात काही डाग’ असे एमआरआयच्या अहवालात वाचून घरे हादरतात; पण असे डाग मायग्रेन, उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि निव्वळ वयामुळेही पडतात. डाग किती यापेक्षा ते कुठे आणि कोणत्या आकाराचे हे महत्त्वाचे, आणि ते न्यूरॉलॉजिस्टने स्वतः चित्रे पाहून ठरवायचे असते. म्हणून अहवालाच्या कागदाबरोबर सीडी किंवा फिल्मही जपून ठेवावी. मणक्यात सुई घालण्याची भीती मोठी असते, पण कमरेच्या ज्या भागातून पाणी काढतात तिथपर्यंत मज्जारज्जू पोचतच नाही. नंतर काही दिवस डोके दुखणे हा नेहमीचा त्रास. ऑलिगोक्लोनल बँड पाश्चात्त्य रुग्णांपैकी बहुतेकांत सापडतात, भारतीयांत तुलनेने कमी, तेव्हा ते न मिळाल्याने एमएस बाद होत नाही.

एमएसशी सर्वाधिक गल्लत होते ती एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) आणि मॉग-प्रतिपिंडांच्या आजाराची. तेही डोळे आणि मज्जारज्जूवरच घाला घालतात. यांना मात्र रक्ततपासणी आहे: एनएमओचे प्रतिपिंड 2004 मध्ये सापडले. ही तपासणी निव्वळ औपचारिकता नव्हे, कारण इंटरफेरॉन, फिंगोलिमोड यांसारखी एमएसची काही औषधे एनएमओच्या रुग्णाला अपाय करतात. क्षयरोग, ल्युपस, सार्कॉइडोसिस हेही तपासून बाजूला काढावे लागतात. दृष्टी किंवा चालणे झपाट्याने जात असेल तर या तपासण्यांसाठी स्टिरॉइड थांबवून धरत नाहीत. एरवी आधी चाचण्या उरकलेल्या बऱ्या, कारण त्यांच्याआधी दिलेल्या स्टिरॉइडने एमआरआयमधील ताज्या खुणा पुसट होतात.

एवढे करूनही काहींना ‘पहिला झटका, निकष अपुरे’ असे उत्तर मिळते. तेव्हा ठरावीक काळाने पुन्हा एमआरआय करतात, आणि धोका जास्त वाटल्यास औषधही सुरू करतात. थोड्या रुग्णांत झटके येतच नाहीत, चालणे हळूहळू बिघडत जाते. त्यांच्या बाबतीत निदानासाठी किमान वर्षभराची वाढती अक्षमता दिसावी लागते.

निदान निश्चित झाल्यावर मदतीसाठी मुंबईत 1985 मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एमएसचा समावेश आहे, पण नोकरीतील आरक्षणासाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते.