व्हिडिओ आपला, फायदा आरोपीच्या वकिलाचा!

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा न्यायालयात ॲट्रॉसिटीचा खटला चालू होता. फिर्यादी आपल्या समाजातली एक मजूर बाई. तिच्या तरुण मुलाला गावातल्या टोळक्याने बेदम मारले होते. मूळ फिर्यादीच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करायला मी उभी होते. बाईची सरतपासणी उत्तम झाली. उभ्या आयुष्यात जिने कोर्टाची पायरी पाहिली नव्हती, ती माउली आरोपींकडे बोट दाखवून न घाबरता बोलली. मग उलटतपासणीला आरोपींचे वकील उठले. त्यांनी एक पेन ड्राइव्ह आणि पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र न्यायाधीशांपुढे ठेवले.

त्यात एक व्हिडिओ होता. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात घेतलेला. मुलगा आत बेशुद्ध, आई बाहेर रडते आहे आणि तिच्या तोंडापुढे माइक धरला आहे. ‘‘किती जण होते, ताई?’’ ‘‘सात-आठ जण असतील, बाबा.’’ फिर्यादीत नावे होती चौघांची. जातिवाचक शिवीगाळीचा त्या व्हिडिओत उल्लेखच नव्हता. कारण प्रश्न विचारणाऱ्याने ते विचारलेच नव्हते! साक्षीदाराच्या आधीच्या बोलण्यावरून त्याला उलटतपासणीत खोडून काढण्याचा अधिकार पुरावा कायद्याच्या कलम १४५ ने दिला होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कलम १४८ मध्ये कायम आहे. आरोपींच्या वकिलांनी तो पुरेपूर वापरला. निकाल लागला. मारहाणीत शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीच्या कलमांतून आरोपी सुटले. केवळ त्या व्हिडिओमुळे सुटले असे मी म्हणणार नाही. तपासातही कच्चे दुवे होते. परंतु त्यात त्या व्हिडिओचा वाटा होता, हे नाकारता येणार नाही.

वाचकहो, तो व्हिडिओ कुणी घेतला होता? कुठल्या जातीयवादी वाहिनीने नव्हे. आपल्याच एका तळमळीच्या कार्यकर्त्याने, स्वतःच्या यू-ट्यूब वाहिनीसाठी! त्याचा हेतू स्वच्छ होता. प्रस्थापित वृत्तपत्रे आपली बातमी दाबतात, म्हणून ती आपण जगापुढे आणली पाहिजे, एवढेच त्याला वाटत होते. त्याचे वाटणे चूक नव्हते. पण बातमी जगापुढे आली आणि न्याय मात्र मागे राहिला.

प्रस्थापित माध्यमांचे पाप मोठे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एकाच बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीला बड्या वृत्तपत्रांना ही बातमी महत्त्वाची वाटली नाही. जिथे छापून आली तिथे तिला अनैतिक संबंधांचा रंग दिला गेला. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा कुठे संपादकांना जाग आली. ज्या बाईला ठार मारले, तिच्या चारित्र्यावर शाईने दुसरा वार केला गेला. पुढे सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण ॲट्रॉसिटी कायदा तिथेही लागू झाला नाही आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयातही ते चित्र बदलले नाही.

बाबासाहेबांना हे सारे फार आधी कळले होते. म्हणूनच ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी भारतीय पत्रकारितेचा समाचार घेतला होता. एके काळी व्यवसायधर्म असलेली पत्रकारिता आता साबण बनवण्यासारखा धंदा होऊन बसली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आज हाच धंदा मोबाईलच्या पडद्यावर चालतो. किती जणांनी पाहिले, यावर जाहिरातीचा पैसा ठरतो. मग मथळा भडक होतो आणि पीडितेचे रडणे हाच माल होतो.

पण आपण तरी काय केले? खैरलांजीच्या मृतदेहांची छायाचित्रे इंटरनेटवरून आणि पत्रकांवरून फिरली. ती फिरवणाऱ्यांत आपणही होतो. मोर्चात मीही ती पत्रके हातात धरली होती. त्या वेळी आमचे म्हणणे होते की ही छायाचित्रे दिसली नसती तर कुणी विश्वासच ठेवला नसता. त्यात तथ्य होते. ज्यांच्या बातमीला जागाच नाही, त्यांनी दुसरे काय करायचे? पण आज मागे वळून पाहताना प्रश्न पडतो. त्या मायलेकींना जिवंतपणी मान मिळाला नाही, तो मेल्यानंतर आपण तरी दिला का? आणि कागद फाटतो, इंटरनेट फाटत नाही. ती छायाचित्रे कुणी, कधी, कोणत्या नजरेने पाहील यावर आज आपला काही ताबा राहिलेला नाही.

यातला योगायोग अंगावर काटा आणणारा आहे. २९ सप्टेंबर याच तारखेला, २०२० साली, हाथरसच्या मुलीने दिल्लीच्या रुग्णालयात प्राण सोडला. न्यायासाठी देशभर आक्रोश झाला आणि समाजमाध्यमांवर तिचा म्हणून एक फोटो लाखो हातांनी पुढे पाठवला. तो तिचा नव्हताच! तो दुसऱ्याच एका मृत महिलेचा होता. तिच्या पतीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. न्याय मागणाऱ्यांनीच एका निरपराध घराच्या दुःखावर मीठ चोळले. फोटो खरा असता, तरी तो टाकणे हा गुन्हाच होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

कायदा इथे स्पष्ट आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पीडित अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ आहेच. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीडिता मरण पावली तरी तिची ओळख जपलीच पाहिजे. नातेवाईक ‘हो’ म्हणाले एवढ्याने नाव छापता येत नाही. न्यायासाठी नाव जाहीर करणे आवश्यकच असेल, तर तो निर्णय सत्र न्यायाधीशांनी घ्यायचा आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. गावाचे नाव, बापाचा चेहरा, घराचे दार, शाळेचा गणवेश या सगळ्यातून ओळख पटते. एप्रिल २०१८ मध्ये कठुआ प्रकरणात मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने १२ माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. बड्या संस्था १० लाख भरून मोकळ्या झाल्या. आपल्या वाहिनीवाल्या पोराने कुठून भरायचे?

ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५-अ तर आपल्यासाठीच आहे. त्याखाली विशेष न्यायालय साक्षीदारांची नावे-पत्ते गुप्त ठेवू शकते. पण आपणच पहिल्या दिवशी साक्षीदाराचा चेहरा आणि घर कॅमेऱ्यावर दाखवले, तर न्यायालय काय गुप्त ठेवणार? अनोळखी आरोपीचे फोटो ओळखपरेडीआधीच सर्वत्र झळकले, तर त्या परेडीला किंमत काय उरते? आरोपीचा वकील एकच प्रश्न विचारतो, ‘‘तुम्ही याला मोबाईलवर आधी पाहिले होते ना?’’

दुसरी बाजूही पाहू. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर आपल्या अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. कुणाला अटक झाली की बातमी लगेच येते. पुढे खटला मागे घेतला गेला किंवा पोरगा निर्दोष सुटला, तर त्याची बातमी किती ठिकाणी येते? वर्तमानपत्राची रद्दी होते, पण इंटरनेटवरची बातमी रोज ताजी असते. नोकरीसाठी, भाड्याच्या खोलीसाठी कुणी नाव शोधले की ‘दंगलखोर’ हा शब्द पहिल्यांदा दिसतो. म्हणून अटकेची बातमी ज्याने टाकली, सुटकेची बातमी त्याच जागी जोडणे हे त्याचे कर्तव्य आहे. हा नियम आपल्या पोरांसाठी मागायचा, तर तो आपल्या विरोधातल्या आरोपीलाही द्यावा लागेल. संविधान सर्वांसाठी आहे, सोयीपुरते नाही.

मग सरकारने छडी घ्यावी का? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातमीदारांसाठी आचारसंहिता आणली. १४ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील नियम ९ च्या उपनियम १ आणि ३ ला स्थगिती दिली. सरकारच्या हातातली छडी सर्वांत आधी कुणाच्या पाठीवर पडते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच नियम आपले आपण करायला हवेत. आपण ते केले नाहीत, तर छडीला निमित्त आपणच देऊ.

माझी आपल्या पत्रकार बंधू-भगिनींना हात जोडून विनंती आहे. फिर्याद आणि दंडाधिकाऱ्यांपुढील जबाब होईपर्यंत पीडित किंवा साक्षीदाराची मुलाखत घेऊ नका. गुन्हा नोंदवायला पोलीस टाळाटाळ करीत असतील तर पोलीस ठाण्यावर, अधिकाऱ्यावर आणि तक्रारीच्या पोचपावतीवर कॅमेरा धरा, आईच्या अश्रूंवर नको. बोलायला कुणी तयार असेल तर हे बोलणे उद्या कोर्टात वाजेल, हे तिला तिच्या भाषेत आधी समजावून सांगा. आलेला फोटो कुठून आला हे कळल्याशिवाय पुढे ढकलू नका. चूक झाली तर बातमी गुपचूप काढून टाकू नका. चूक काय होती आणि कधी दुरुस्त केली, ते तिथेच लिहा. चूक मान्य करणाऱ्याची पत वाढते. आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यातले चौथे शील तर वाणीचेच आहे आणि बोटाने दाबलेले बटण ही आज आपली वाणीच आहे.

त्या खटल्यानंतर तो कार्यकर्ता मला कोर्टाच्या आवारात भेटला. मान खाली घालून म्हणाला, ‘‘ताई, मला कुणी सांगितलंच नव्हतं.’’ खरे आहे. वकिलांनी आणि चळवळीने त्याला सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नाही, ही आमची चूक. आज सांगते आहे. पुढच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात माइक काढण्याआधी त्या माउलीला पाणी द्या आणि एखाद्या वकिलाला फोन करा. बातमी दोन तास उशिरा आली तरी चालेल.

जयभीम!